तीन सेल

आमच्या कोकणातल्या खाडीत बुडी मारणारा पोरगा दम संपला की वर येतो. शरीरच त्याला सांगतं. माझा भाचा लाल समुद्रात रिब्रीदर पाठीला बांधून उतरतो, तिथे शरीर गप्प असतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सोडालाइम शोषून घेतो आणि खर्ची पडलेला प्राणवायू संगणक झडप उघडून भरतो. तो कमी पडला, तर गुदमरल्याची जाणीवसुद्धा न होता शुद्ध हरपते. फाजील झाला, तर झटके येतात.

म्हणून प्राणवायू मोजणारे तीन सेल. दोघांचं जुळलं की संगणक बहुधा तिसऱ्याला खोटा ठरवतो. पण ते दोघेच जुने होऊन सारखे चुकत असले तर? खरा एकटा पडतो. (कविसंमेलनांत हे मी पुष्कळ पाहिलंय!)

भाचा म्हणतो, "मामू, संगणकावर विश्वास ठेवायचा, पण तिन्ही आकडे आपणही वाचत राहायचे. शंका आली की वेगळ्या सिलिंडरची नळी तोंडात. विचार नंतर."

परवा फोनवर विचारलं, "सेलच्या तारखा पाहिल्यास?"

"एकाची मुदत संपलीय."

"मग?"

"मग आजची बुडी रद्द."

आपाला एवढंच कळवलं, पोरगा आज किनाऱ्यावर आहे.