विज्ञानाला त्या कपाटातून बाहेर काढा
(कारेगाव येथील साहित्य संमेलनातले अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपद माणसाला एकदाच मिळतं. माझ्या नावाला विरोध कोणी केला, निवडीच्या बैठकीतून कोण उठून गेलं, नंतर रांजणगावच्या चौकात काय बोलणं झालं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी नावं घेणार नाही. आक्षेप असा होता की हा माणूस विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरतो आणि विज्ञानावर लिहितो, त्याचा साहित्याशी संबंध काय? या प्रश्नाचं उत्तर मी आजवर गिळून बसलो होतो. आज सगळं बोलणार आहे.

सुरुवात एका कपाटापासून करतो. आपल्या तालुक्यातल्या एका ग्रंथालयात दाराच्या मागे एक लोखंडी कपाट आहे. त्यावर ‘संकीर्ण’ अशी पाटी आहे. विहिरीवरची मोटार कशी चालते, डीपीपर्यंत वीज कुठून येते, यावर मी पुस्तक लिहिलं, ते या कपाटात आहे. त्याच्या डाव्या हाताला हस्तरेषांचं पुस्तक, उजव्या हाताला वास्तुशास्त्राचं, खाली लोणची-पापड आणि वार्षिक राशिभविष्य. माझं सोडा. शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आहे, कथांचा संग्रह आहे, आणि तोही त्याच कपाटात आहे! मी अर्ज दिला. पुन्हा दिला. उत्तर आलं, ‘आमच्याकडे वर्गीकरण असंच आहे.’ लोक मला सांगतात, कपाटाचं एवढं काय घेऊन बसलात? मी घेऊन बसणार. या महाराष्ट्राची विचाराची गाडी जिथे रुतली आहे, ती जागा म्हणजे ते कपाट आहे. ज्या समाजात विज्ञान आणि राशिभविष्य एका फळीवर ठेवलं जातं, त्या समाजातल्या मुलाने दोन्हींतला फरक कुठे शिकायचा?

तो फरक किती मोठा आहे ते नारळीकरांनीच दाखवून दिलं होतं. २००८ साली त्यांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारख्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. त्यांतली १०० मुलं हुशार विद्यार्थी होती आणि १०० मतिमंद. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या आणि विचारलं, यांतली हुशार मुलं कोणती तेवढं सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. त्यांची बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के निघाली. रुपया उडवून छापा-काटा केला असता तर साधारण ५० टक्के आली असती. सगळा प्रयोग साधा, स्वच्छ, कुणालाही समजेल असा. या राज्यातल्या शाळाशाळांत तो शिकवायला हवा होता. तो कुठे शिकवला जातो ते मला कुणी दाखवावं. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं विधानभवनाचे उंबरे झिजवले, त्याच्या वटहुकमाला दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि डिसेंबरात कायदा झाला. माणूस जिवंत असताना कुणाला घाई नव्हती.

आजच्या उद्घाटनाची वेळ पंचांग पाहून ठरली हे मला माहीत आहे. पण स्वागत समितीने मांडव, पाणी, दोन वेळचं जेवण, बाहेरगावच्या कवींची राहण्याची सोय यांत कुठे कसूर ठेवलेली नाही. स्वागताध्यक्ष माझ्या पाठीशी उभे राहिले तेव्हा दुसरं कुणी उभं नव्हतं. त्यामुळे तो विषय मी इथेच सोडतो.

आता साहित्याच्या राखणदारांकडे वळू. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आपल्या भागात चटकन खपून जाईल असं नाव. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा त्यांनी पत्नीकडून लिहून घेतली होती. जगात नाव झालेल्या शास्त्रज्ञाने मराठीत कथा लिहिली आणि नाव झाकून ती तोलायला दिली, एवढा त्यांना वाचकांचा आणि परीक्षकांचा मान होता. आणि आपण त्यांना काय दिलं? १८७८ साली पहिलं मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच्या अध्यक्षपदाच्या गादीवर पहिला वैज्ञानिक बसायला २०२१ साल उजाडावं लागलं, नाशिकचं ९४वं संमेलन. प्रकृती साथ देईना म्हणून ते नाशिकला येऊ शकले नाहीत, तर त्यावरही टीका झाली. ऐंशी ओलांडलेल्या माणसावर! मे २०२५मध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांचा पूर आला. लिहिणाऱ्यांपैकी काहींनी त्यांची एकही कथा वाचली नव्हती, हे मी त्यांच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

साहित्याचे हेच राखणदार गावाकडे बोट दाखवतात. खेड्यातला माणूस बदलाला विरोध करतो, नवं यंत्र पाहिलं की घाबरतो, वगैरे. हा आरोप मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तो मला मान्य नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण नेहमी देतात. १९०३च्या सुमारास त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, असा शेतकऱ्यांचा समज होता. एवढंच सांगून भाषणं संपवतात. पुढचं सांगत नाहीत. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करायचा आणि त्याचा हिशेब बलुत्यात भागायचा. लोखंडी नांगर मोडला तर कुणाकडे जायचं? पैसे रोख मोजायचे, आणि एक हंगाम बुडाला तर पुढचं वर्ष सावकाराच्या दारात. अशा माणसाने ‘आधी बघू दे’ म्हटलं तर तो अडाणी ठरत नाही. त्याने शेजारच्या रानात खोल तास पाहिला, हरळी मुळासकट निघालेली पाहिली आणि मग नांगर असा घेतला की त्याच नांगरावर कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकऱ्याचा विरोध बघेपर्यंत असतो. राखणदारांचा विरोध बघितल्यावरही तसाच राहतो.

मोटारी भरायच्या माझ्या दुकानात बसून हे मी रोज पाहतो. इथे अर्धा मांडव शेतकऱ्यांचा आहे, म्हणून थोडं सविस्तर बोलतो. मोटार जळून येते. नाकाला वास येतो, कॉइल काळी पडलेली असते. तीनपैकी एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांवर सगळा भार येतो, वायंडिंग तापतं आणि जळतं. हे होऊ नये म्हणून स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर असतो, ओव्हरलोडचा रिले असतो. फेज गेला की त्याने मोटार बंद करायची. तरी आपले लोक ते काढून ‘डायरेक्ट’ करतात. का? सांगतो. लाइट रात्रीची. दाब कमी. रिले सारखा पडतो. पडला की रात्री बाराला उठून उसातून विहिरीवर जायचं, आणि उसात बिबट्या. या तालुक्यात रात्री उसात जाणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मग माणूस रिले काढून टाकतो आणि मोटार जळू देतो. पुढे मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारी यंत्रं आली, पुण्यातल्या संतोष ओस्तवालांचं ‘नॅनो गणेश’ त्यांतलंच. त्यासाठी आमच्याकडे कुणी प्रबोधनाचं भाषण ठेवलं नव्हतं. ज्याला परवडलं त्याने घेतलं, ज्याला परवडलं नाही त्याने शेजाऱ्याचं पाहून पैसे साठवले. अजूनही सांगतो, प्रिव्हेंटर काढू नका. मोटार भरायचा खर्च त्याच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. आणि शेतीला दिवसा वीज मिळाली पाहिजे, हा ठराव साहित्य संमेलनाने करायला काय हरकत आहे? शेतकऱ्याची रात्र हा साहित्याचा विषय नाही का? आमचे काही कवी अजून मोटेवर कविता लिहितात आणि त्यांच्या स्वतःच्या बागेत ठिबक आहे.

आता जुन्नर तालुक्यातलं खोडद गाव घ्या. तो तालुका आपल्याला परका नाही. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मधोमध एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी वापरली, म्हणून वारा आरपार जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्चही आवाक्यात येतो. ही युक्ती इथली आहे, उसनी नाही. याच दुर्बिणीने ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची लहर पकडली. २०२३च्या जानेवारीत ती बातमी जगभर गेली. ती लहर निघाली तेव्हा आपला सूर्य जन्मला नव्हता. आणि नारायणगावच्या एसटी स्टँडवर त्या दुर्बिणीबद्दल काय ऐकू येतं? ‘त्या छत्र्यांनी आमची रेल्वे घालवली.’

लोकांचा राग खोटा नाही. पुणे–नाशिक रेल्वेची वाट त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. मग कळलं की मार्ग दुर्बिणीजवळून जातो, संशोधनात व्यत्यय येईल, मार्ग बदलावा लागेल. कांदा, टोमॅटो, नोकरीची पोरं, सगळ्यांचा हिशेब त्या रेल्वेवर होता. त्यांनी चिडायचं नाही तर काय करायचं? पण विजेवरच्या इंजिनाच्या ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात, ताऱ्यांकडून येणारी कुजबुज त्यांच्यात बुडून जाते, ही गोष्ट त्यांना रसाळ मराठीत कुणी सांगितली? दुर्बिणीची माणसं दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, प्रदर्शन भरवतात, शाळाशाळांची मुलं बसने येतात. त्यांनी त्यांचं काम केलं. आम्ही लेखकांनी काय केलं? खोडदवर एक कादंबरी दाखवा. तबकडीखाली शेतात खुरपणाऱ्या बाईवर एक कथा दाखवा. लेखक गप्प बसला की तिथे अफवा बसते. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या लागल्या आणि दुष्काळ पडला, तेव्हा ‘पवनचक्क्या ढग पळवतात’ असं लोक म्हणू लागले. त्या माणसांना हसणारे पुष्कळ निघाले. पठारावर जाऊन, त्यांच्या ओट्यावर बसून ढग कसा तयार होतो हे सांगणारे किती निघाले?

आणि कारेगावात साहित्य संमेलन कशाला, असं विचारणाऱ्यांना आता उत्तर देतो. ‘कारखान्यांचं गाव, भाड्याच्या खोल्यांचं गाव, तिथे कसलं साहित्य?’ हे वाक्य माझ्या कानावर आलं आहे आणि कुणाचं ते मला कळलं आहे. त्यांनी मराठी नियतकालिकांचा इतिहास वाचावा. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याचं घरचं पत्रक ते. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं, पुढे ‘स्त्री’ काढलं, ‘मनोहर’ काढलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्या ‘किर्लोस्कर’मध्ये छापले गेले आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाले. नांगर आणि पंप करणाऱ्या वाडीने मराठीला विचार करायला शिकवलं. मग रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे फ्रिज होतात, धुलाई यंत्रं होतात, मोटारगाड्या होतात, तिथे साहित्य का होऊ नये? या वसाहतीला तीस-पस्तीस वर्षं होत आली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं काय झालं, बीडहून, वाशीमहून, बिहारहून आलेला पोरगा एका खोलीत पाच जणांत कसा राहतो, रोबोट आल्यावर लाइनवरची कोणती माणसं कमी झाली आणि कोणती नवं काम शिकून टिकली, हे सगळं इथे घडतं आहे आणि मराठीत त्याचा पत्ता नाही. बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकवायचा प्रयोग सुरू आहे, आपले शेतकरी गाड्या करून तो बघायला जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिसंवाद ठेवू म्हटल्यावर ‘हा वाङ्मयीन विषय नव्हे’ असं सांगणारे मात्र संमेलनाच्या बैठकीत बसले होते. बदलाला विरोध कोण करतं, याचा निवाडा तुम्हीच करा.

कामगार बांधवांनो, तुम्ही लिहा. पाळीत काय होतं ते लिहा, यंत्र कसं चालतं ते लिहा, त्याची भीती कधी वाटली आणि कधी गेली ते लिहा. शुद्धलेखन मी पाहीन, दुकान सकाळी आठला उघडतं.

आता ठराव वाचतो. तालुक्यातल्या सर्व ग्रंथालयांनी विज्ञानाच्या पुस्तकांना दर्शनी भागात स्वतंत्र कपाट द्यावं आणि विज्ञानकथा कथांच्या कपाटात लावाव्यात. पुढच्या संमेलनाचं एक पूर्ण सत्र २८ फेब्रुवारीला खोडदला व्हावं आणि त्याला रेल्वेसाठी भांडणाऱ्या गावांतली माणसं बोलावली जावीत. शेतीला दिवसा वीज मिळावी. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. ज्यांना मान्य नाही त्यांनी बाहेर चौकात न जाता इथे, माइकवर येऊन बोलावं. मी बसतो.