घोडा घेताना

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. खानदेशातल्या या यात्रेत दूरदूरच्या प्रांतांतून जातिवंत जनावरे येतात. गिऱ्हाईक प्रथम रंग पाहते, मग भोवरे. गळ्यावर देवमण दिसला, की सौदा निम्मा ठरलाच! परंतु भोवरा घोडेस्वाराचे दैव सांगो वा न सांगो, घोड्याचे दुखणे मात्र सांगत नाही.

ते पशुवैद्याने पाहावयाचे असते. पुढचे दात वय सांगतात. सुमारे पाचव्या वर्षी दुधाचे सारे दात पडून कायमचे आलेले असतात. त्यापुढील वय अंदाजाचेच. मग घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीने सरळ न्यावा. पुढचा दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो. वेदनाशामक औषधाने ही खूण झाकता येते. म्हणून रक्तही तपासावे. डोळे अंधाऱ्या तबेल्यात पाहावे, छाती व श्वास दौडीनंतर.

सर्वांत मोठे भय ग्लँडर्सचे. नाकातून चिकट स्राव व अंगावर गाठी ही त्याची लक्षणे. पण कित्येकदा रोग आत दडून राहतो. त्यावर लस नाही आणि तो माणसालाही जडतो. बाधित जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्तजल तपासून त्याचे निदान होते.

या तपासणीस काही दिवस लागतात. तेवढेही थांबावयास जो विक्रेता राजी नसतो, त्याची ती घाई हीच घोड्याची पहिली खोड समजावी.