बैलाचा मुतखडा



या व्यासपीठावरून आपण संतांची वाणी ऐकता, इतिहासाची उकल ऐकता, कधी अर्थकारणावरील वादही ऐकता. त्या मालिकेत आम्ही बैलाच्या मूत्रमार्गावर बोलणार, हे वाचून काहींना हसू आले असेल. त्यात वावगे काही नाही. परंतु पोळ्याला वा बेंदराला ज्याच्या शिंगांना आपण बेगड लावतो, त्याच्या देहाच्या या भागाविषयी बोलायचेच नाही असे ठरवले, की संकोच आपला राहतो आणि जीव त्याचा जातो. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांची शेती गावाकडे वाट्याने लावलेली आहे. बैल आजारी पडला, की "काय करू?" असे विचारणारा दूरध्वनी शहरात येतो आणि निर्णय आपल्याला द्यावा लागतो.

गाय विते ती गोऱ्ह्याला. गोऱ्ह्याचा खोंड होतो आणि खोंडाचा बैल होतो तो माणसाच्या हातून, खच्चीकरणाने. पूर्वी खोंडाला पाडून त्याचे वृषण दगडालाकडाने ठेचीत. त्या यातनांचे वर्णन आम्ही येथे करीत नाही. पुढे बुर्डिझो नावाच्या इटालियन गृहस्थाने एक मोठा चिमटा काढला आणि तो जगभर गेला. या चिमट्याने कातडी न फाडता आतली शीर तेवढी चिरडली जाते, रक्त निघत नाही, जखम चिघळत नाही. रक्तपुरवठा तुटला, की पुढच्या काही आठवड्यांत वृषण आपोआप सुकतात. दोन्ही बाजू एका रेषेत न दाबता थोड्या वरखाली दाबावयाच्या, म्हणजे मधल्या कातडीचे रक्त बंद होत नाही. जागा बधिर करून हे काम केले तर जनावराचे दु:ख पुष्कळ हलके होते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने खच्चीकरणास मुभा ठेवली आहे, पण ती विहित रीतीने करावयाच्या खच्चीकरणास. ठेचण्याला ती मुभा नाही.

आता वयाचा प्रश्न. नराची मूत्रनलिका वाढते ती वृषणांतून येणाऱ्या संप्रेरकाच्या जोरावर. फार कोवळ्या वयात खच्चीकरण केले तर ती नलिका अरुंद राहते. उलट, फार थांबावे तर वेदना अधिक आणि तोवर खोंड कळपातल्या गाईंना लागतो. म्हणून जुपावयाच्या बैलाच्या बाबतीत देहाची वाढ पाहून, पशुवैद्याला विचारून वय ठरवावे. घाई मात्र करू नये. कारण या अरुंद नलिकेतच आजच्या विषयाचे मूळ आहे.

मुतखडा गाईलाही होतो. पण तिची मूत्रनलिका आखूड आणि रुंद, तेव्हा खडा वाहून जातो. बैलाची नलिका लांब, आणि वाटेत तिला नागमोडी दुहेरी वळण आहे. ओढ्याच्या वळणावर जसा गाळ साचतो, तसा खडा बहुधा त्या वळणाशी अडकतो. खडे होतात कशाने? कोंडा आणि धान्य यांत स्फुरद फार व चुना थोडा. लाडाने कोंड्याची पाटी भरभरून घातली, की हे प्रमाण बिघडते. चुना स्फुरदाच्या सुमारे दुप्पट असावा. त्यात हिवाळ्यात गार पाण्याला तोंड लावण्यास जनावर नाखूश असते. मूत्र दाट होते आणि खडा धरतो.

लक्षणे ओळखण्यासारखी आहेत. बैल पाय ताणून उभा राहतो, शेपटी उचलून कुंथतो, पोटावर लाथा मारतो, दात खातो. मुताणाचे केस एरवी ओले असतात, ते कोरडे दिसतात. कधी त्यांवर बारीक खडे चिकटलेले असतात. पुष्कळ वेळा घरचे लोक याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात. कोणी लघवी सुटण्याचे औषध देतात. वाट पुरती बंद असताना लघवी वाढवणे म्हणजे बांध फुटायला आलेल्या तळ्यात आणखी पाणी सोडणे होय.

साधारण दोन-तीन दिवसांत मूत्राशय फुटते, किंवा नलिका फुटून पोटाखाली सूज येते. मूत्राशय फुटले, की काय होते? ताण गेला, कळ थांबली. बैल शांत उभा राहतो, कधी वैरणीला तोंडही लावतो. घरचे समाधानाने सांगतात, "डॉक्टर, आता बरा आहे, पाय झाडायचा थांबलाय." आणि आम्हांला त्यांच्या तोंडाकडे पाहवत नाही. कारण आता मूत्र पोटात साचू लागलेले असते, त्याचे विष रक्तात भिनू लागते, आणि पोट दोन्ही बाजूंनी घड्यासारखे फुगते. लघवी न होता आलेली ही शांतता सर्वांत धोक्याची, हे एवढे एक वाक्य येथून घरी न्यावे. मात्र तेव्हाही हात टेकू नयेत. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर अशांपैकीही काही जनावरे वाचतात.

शस्त्रक्रिया दोन प्रकारची. अडकलेल्या जागेवर, वृषणकोशाच्या मागे, जागा बधिर करून नलिका उघडावयाची आणि खडा काढावयाचा. दुसरी रीत अशी, की पोटातून मूत्राशयात रबरी नळी बसवून लघवीला तात्पुरती वाट द्यावयाची, आणि नवसागर पोटात देऊन मूत्र आम्ल करावयाचे. स्फुरदाचे खडे त्याने विरघळू लागतात. जनावर आपल्या मूळ वाटेने लघवी करू लागले, की नळी काढतात. माणसाला वापरतात तीच फुगा असलेली नळी येथेही चालते. मात्र नवसागराचे प्रमाण पशुवैद्यानेच ठरवावे. तो घरगुती उपाय नव्हे.

मुंबईस परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे नवी नाही. उणीव आहे ती गोठ्यापासून दवाखान्यापर्यंतच्या वेळेची. तेव्हा पाणी मुबलक आणि थंडीत कोमट, थोडे मीठ, कोंडा बेताने, द्विदल चारा जोडीला, आणि रोज सायंकाळी एक नजर, की बैलाने लघवी केली का. गावाहून दूरध्वनी आला, तर "उद्यापर्यंत पाहा" असे कृपा करून सांगू नका. त्याच्याजवळ उद्या असेलच असे नाही.