पान्हा का फुटला नाही?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



बाळंतिणीला दूध आलं नाही, की आपल्याकडे दृष्ट काढतात, नाहीतर सुनेलाच बोल लावतात. पण कधी कधी कारण असतं मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत. तिच्या वर हायपोथॅलॅमस. प्रभागसंघाचा निरोप ग्रामसंघाकडे, तिथून गटाकडे जातो ना, तसंच हे. हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, ती थायरॉईडला, अंडाशयाला, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना. दूध तयार करणारं हार्मोन तर तिचं स्वतःचंच.

गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते, तिला रक्तही जास्त लागतं. बाळंतपणात अंगावरून फार रक्त गेलं तर तिचा काही भाग मरू शकतो. याला म्हणतात शीहान सिंड्रोम. मग दूध येत नाही, पाळी परत येत नाही, काखेतले केस जातात, सतत थकवा, थंडी वाजते. वर्षानुवर्षं निदान होत नाही आणि बाई आळशी ठरते! मला याचाच राग येतो. नुसती टीएसएच तपासणी नॉर्मल येऊ शकते, टी-४ पण बघावं लागतं.

म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा, बाळंतपणात किती रक्त गेलं, रक्त चढवलं होतं का. जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. उपचार गोळ्यांचा आहे, बहुधा जन्मभराचा. त्यातली स्टिरॉइडची गोळी मनाने बंद करायची नाही. ताप, उलट्या झाल्या तर लगेच दवाखाना गाठा, बीपी उतरून जिवावर बेतू शकतं.

गटात अशी कुणी असेल तर आशाताईंना किंवा मला बाजूला घेऊन सांगा. बैठकीच्या वहीत नाव लिहू नका.