दोन क्लाऊड, एक फोल्डर आणि आपले कागद

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील विद्यार्थी आणि तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, किंचित संपादित.)



मला 'आयटीतलं करिअर' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. आयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदललाय. कारण सुट्टीला गावी आलो की करिअरबद्दल फार कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "भाई, फाईल गेली, परत मिळेल का?" आज त्याबद्दलच बोलतो.

आपल्याच भागातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. बारावी झाली होती, इंजिनिअरिंगचा प्रवेश घ्यायचा होता. घराणं ओबीसी यादीतल्या जमातीचं. आपल्याकडे किती बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी घरं आहेत ते तुम्हाला माहीत आहे. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे तुमचा कागद चालत नाही, अब्बांचाही बहुतेक वेळा चालत नाही. दादांचा शाळेचा दाखला लागतो, किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला जुना उतारा, कधी तर मोडीतला.

तिच्या चाचांनी नातेवाइकांच्या पेट्या धुंडाळून हे कागद जमवले. तिने मोबाईलवर स्कॅन करून लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवले. लॅपटॉप सेकंडहँड. त्यात एका कंपनीची क्लाऊड सेवा आधीपासून होती. हिने स्वतःच्या ईमेलची दुसरी सेवा टाकली आणि तिलाही तोच डेस्कटॉप दाखवला. दोन ठिकाणी कॉपी राहील, हा साधा आणि शहाणा विचार.

पुढे एका अपडेटनंतर पहिल्या सेवेने विचारलं, 'तुमच्या फाईल सुरक्षित करू का?' हिने 'हो' म्हटलं. त्या सेवेने सगळा डेस्कटॉप उचलून स्वतःच्या फोल्डरमध्ये नेला. दुसरी सेवा जुन्या जागेवर लक्ष ठेवून होती. तिला दिसलं की इथल्या फाईल गेल्या, म्हणजे मालकिणीने डिलीट केल्या. तिने आपल्याकडच्या कॉपीही काढून टाकल्या. काही दिवसांनी पहिल्या सेवेची फुकट जागा भरली, लाल सूचना येऊ लागली. हिने वेबसाइटवर जाऊन जुनं सामान काढलं. ते लॅपटॉपवरूनही गेलं. डिलीट केलेल्या फाईल रीसायकल बिनमध्ये साधारण ३० दिवस राहतात. हिला गरज पडली तेव्हा दोन महिने उलटले होते.

थोडे कागद चाचांच्या व्हॉट्सॲपवर सापडले. एक शाळेच्या जनरल रजिस्टरवरून पुन्हा मिळाला, तीन चकरा मारून. पण एका नातेवाइकाकडचा मूळ दाखला दरम्यान पावसात भिजून लगदा झाला होता. तो गेलाच. मुदत उलटली आणि त्या वर्षी तिचा अर्ज खुल्या गटात गेला. फीचा फरक काय असतो, ते इथल्या पालकांना मी सांगायला नको.

आता नीट ऐका. त्या मुलीने काही मूर्खपणा केला नव्हता. दोन्ही सेवांनीही आपापल्या नियमाप्रमाणेच काम केलं. गोंधळ झाला तो 'सिंक' आणि 'बॅकअप' हे दोन शब्द आपण एकच समजतो म्हणून.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. तुम्ही २०१९ साली तलाठ्याकडून नक्कल काढून ट्रंकेत ठेवली. नंतर कितीही फेरफार झाले तरी ट्रंकेतली नक्कल बदलत नाही. हा बॅकअप. ऑनलाइन सातबारा मात्र आज जे दप्तरात आहे तेच दाखवतो. फेरफार झाला की तिथेही बदल. हा सिंक. सिंकमध्ये तुमची चूक, तुमचं डिलीट, व्हायरसने केलेली नासधूस, सगळं इमानदारीने दुसऱ्या टोकाला पोचतं. आणि एकाच फोल्डरवर दोन सिंक लावले की एकाने हलवलेली वस्तू दुसऱ्याला चोरीला गेलेली दिसते. एका जमिनीला दोन तलाठी नेमल्यासारखं.

यात आणखी एक फसवं प्रकरण आहे. जागा वाचवायला काही सेवा मूळ फाईल लॅपटॉपवर ठेवतच नाहीत, फक्त तिचं नाव आणि आयकॉन ठेवतात. फाईल दिसते, पण ती तिथे नसते. नेट असेल आणि खातं चालू असेल तरच उघडते. असा फोल्डर दुसऱ्या सेवेला दाखवला की काय होईल, याचा भरवसा नाही. वनड्राइव्ह, आयक्लाऊड, गूगल ड्राइव्ह तिन्हींत ही सोय आहे. सोय चांगली आहे, ती चालू आहे हे आपल्याला माहीत पाहिजे.

मोठ्या कंपन्यांकडेही फाईल दिसेनाशा होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमध्ये काही लोकांच्या अलीकडच्या महिन्यांच्या फाईल गायब झाल्या. तेव्हा कंपनीने सांगितलं की खातं डिस्कनेक्ट करू नका, ॲपचा डेटा फोल्डर हलवू किंवा पुसू नका. पुढच्या महिन्यात फाईल परत मिळवण्याची सोय आली. ज्यांनी घाबरून सगळं काढून पुन्हा टाकलं असेल, त्यांचं काम अवघड झालं. म्हणून फाईल दिसेना झाली तर पहिलं काम म्हणजे हात थांबवा. सिंक 'पॉज' करा. मग दोन्ही सेवांच्या वेबसाइटवर जाऊन रीसायकल बिन पाहा.

जागेचं गणितही लक्षात ठेवा. गूगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. फोटो अमर्याद फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. लग्नाच्या व्हिडिओंनी जागा भरली की ईमेल येणं थांबू शकतं. म्हणजे मुलाखतीचं पत्र आलंच नाही, कारण वलीम्याचे व्हिडिओ जास्त झाले! दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरणही गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय. घरातलं कोणी अल्लाला प्यारं झालं असेल आणि त्यांच्या खात्यात फोटो, कागद असतील, तर आजच पाहून घ्या.

मग करायचं काय? चार गोष्टी.

एक, एका फोल्डरला एकच सेवा. दुसरी हवी असेल तर वेगळा फोल्डर करा.

दोन, महत्त्वाच्या कागदांच्या तीन कॉपी. एक लॅपटॉपवर, एक क्लाऊडवर, एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह कॉपी करून काढून ठेवायचा, आणि शक्य तर दुसऱ्या घरी, खालांकडे किंवा मामांकडे.

तीन, वर्षातून दोनदा कॉपी उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

चार, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा. रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो आणि तुमचा ओटीपी त्याच्याकडे जातो. बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. जे सरकारी दाखले डिजिलॉकरमध्ये थेट येतात ते तिथे जोडून घ्या. पण दादांचा १९५० चा दाखला तिथे आपोआप येणार नाही. तो आपणच जपायचा.

कोणी म्हणेल, मग क्लाऊड कशाला, कागदच बरा. नाही मित्रांनो. ३० जुलै २०१४ ला आपल्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. जे वाचले त्यांना घर, माणसं गमावल्याच्या दुःखातच ओळख आणि हक्काचे कागद नव्याने उभे करण्याची वेळ आली. ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कागद एकाच घरात ठेवणं आणि एकाच खात्यात ठेवणं, दोन्हीतला धोका सारखाच.

शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांचा. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी ६ जून २०२५ ला केंद्राचं 'उमीद' पोर्टल सुरू झालं, मुदत सहा महिन्यांची होती. कायद्याबद्दल इथे मतं वेगवेगळी असतील, असू द्यात. पण त्या निमित्ताने स्वतःला विचारा की आपल्या मशिदीचे, कब्रस्तानाचे, उर्दू शाळेचे कागद कुठे आहेत? एका विश्वस्ताच्या कपाटात आणि त्याच्याच मुलाच्या फोनमध्ये असतील, तर ते सुरक्षित नाहीत.

तुमच्यातल्या पाच जणांनी एक रविवार काढा. एक लॅपटॉप, एक स्कॅनर, दोन पेन ड्राइव्ह. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना त्यांचे जुने दाखले घेऊन बोलवा. स्कॅन करा, फाईलला नाव आणि साल द्या, मूळ कागद तिथेच परत करा, पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात द्या. कोणाचीही कॉपी स्वतःकडे ठेवू नका. ती त्यांची अमानत आहे. बहिणींनी यात पुढे यावं, कारण घरातली पेटी कुठे आहे हे अम्मीलाच माहीत असतं.

प्रवेशाच्या मुदती दरवर्षी येतात. पुढची यायच्या आत हे काम उरकूया.