दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी

वजन उतरविण्यासाठी एकदा शस्त्रक्रिया झाली, वर्ष-दोन वर्षे शरीर हलके झाले, आणि मग काटा पुन्हा वर चढू लागला, अथवा रात्री आडवे होताच घशाशी आंबट पाणी येऊ लागले, अशी माणसे आता आपल्या शहरांतून आढळू लागली आहेत. ‘आता कोणते ऑपरेशन करू?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो दुसरा होय. पहिला प्रश्न असा, की पूर्वीची शस्त्रक्रिया नेमकी कशाने उणी पडली?

सध्या सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. उरतो तो अस्तनीसारखा अरुंद नळा. ही शस्त्रक्रिया मुळात एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून योजिली गेली होती. तेव्हा पुढे दुसरी करावी लागली, तर तो रोग्याच्या जिभेचाच अपराध असे घरच्या मंडळींनी ठरवून टाकू नये.

त्या नळ्यातील दाबामुळे आम्ल अन्ननलिकेत चढत असेल, तर बहुधा ‘रू-एन-वाय’ बायपास सुचविला जातो. अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठर-बायपासचा आरंभ केला, त्याच कुळातील ही शस्त्रक्रिया. जठराची लहानशी पिशवी आतड्याला अशा रीतीने जोडतात, की आम्ल व पित्त दोन्ही अन्ननलिकेपासून दूर खाली वळतात. तक्रार केवळ वजनाची असेल, तर एकाच जोडाचा बायपासही करता येतो. परंतु आम्लाने आधीच हैराण झालेल्यास तो केला, तर पित्त वर येण्याची भीती राहते. नाव दोहोंचे ‘बायपास’च, आणि रोगी घरी येऊन एवढेच सांगतो! पूर्वी सिलिकोनचा पट्टा बसविला असेल आणि तो जठरात रुतला असेल, तर तो काढून काही महिने थांबणेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. शिवाय सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने २०२५ साली भारतात वजनासाठी उपलब्ध झाल्यापासून, केवळ वजन परतलेल्या रोग्याने त्यांचाही विचार सर्जनाकडून स्पष्ट करून घ्यावा.

म्हणून पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा कागद मिळवावा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, प्रत्यक्ष काय कापले व काय जोडले याची नोंद. दुर्बिणीने जठराची तपासणी, औषध पाजून काढलेले क्ष-किरण चित्र, रक्ताच्या चाचण्या, हे सारे पाहिल्यावाचून पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेचे नाव व तारीख सांगणारा सर्जन, कितीही कीर्तिमान असो, मी तरी निवडणार नाही. दुसऱ्या खेपेस ऊतक चिकटलेले असतात, गळतीचा धोका अधिक असतो आणि वजन बहुधा पहिल्याइतके उतरत नाही. त्याला विचारावे, की अशा ‘दुसऱ्या’ शस्त्रक्रिया आपण स्वतः गेल्या वर्षी किती केल्या, किती रोग्यांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, आणि किती जणांना नकार दिला? डॉक्टरांना काय वाटेल, हा आपला जुना संकोच येथे महाग पडतो. चांगल्या सर्जनाला या प्रश्नांचा राग येत नाही.

आपल्यातील शाकाहारी मंडळींनी आणखी एक हिशेब करावा. बायपासनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, आणि वाटीभर वरणातून मिळतात सहा-आठ ग्रॅम. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड-जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. आतड्याचा जितका लांब भाग वगळला जाईल, तितकी ही उणीव वाढते. म्हणून किती आतडे वगळणार, हे आकड्यांत विचारावे.

आणि अंतर. बेळगावहून पुण्यास किंवा मुंबईस जाऊन शस्त्रक्रिया करून चौथ्या दिवशी परतणारा रोगी सुखरूप दिसतो; परंतु जोडातील गळती त्यानंतरही उघडकीस येऊ शकते. ताप, पोटात वा डाव्या खांद्यात वेदना, विश्रांतीतही मिनिटास १२० च्या वर राहणारी नाडी, ही तिची लक्षणे. नाडीचे लक्षण तर पोट दुखण्यापूर्वीही दिसते. सतत उलट्या होत असल्यास ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते, हे गावच्या डॉक्टरांना आधीच लिहून दिलेले असावे. रात्री दोन वाजता कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि तो कोण उचलणार, हे भरती होण्यापूर्वीच त्याच कागदावर उतरवून घ्यावे.