अर्ज करावा की न करावा?

माझा मुलगा अठरा वर्षे अमेरिकेत आहे. कायम वास्तव्याचा परवाना, ज्यास ग्रीन कार्ड म्हणतात, तो मिळून त्यास सात वर्षे झाली. सामान्यतः पाच वर्षांनंतर तेथील नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो करावा की न करावा, असे त्याने मला विचारले आहे.

पारनेर हे सेनापती बापटांचे जन्मगाव. या गावात बसून मुलास ‘परक्या राष्ट्राच्या निष्ठेची शपथ घे’ असे लिहावयाचे, म्हणजे लेखणी अडते. शपथही मोघम नव्हे. पूर्वीच्या राष्ट्राची निष्ठा तीत स्पष्ट शब्दांनी सोडावी लागते. शिवाय आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

म्हणून माझे पहिले उत्तर नकाराचे होते. परंतु नियम वाचता वाचता एक विपरीत गोष्ट ध्यानी आली. परवानाधारक आगाऊ परवानगीवाचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला, तर त्याचा परवानाच धोक्यात येतो. सहा महिन्यांपलीकडे गेला, तरी वास्तव्यात खंड पडला असे सहसा धरतात. मागे त्याची आई अंथरुणास खिळली असता तो पाच महिन्यांनी निघून गेला. मी त्यास निष्ठुर म्हटले होते. तेच बिऱ्हाड त्याने नागरिक होऊन केले असते आणि येथे ‘ओसीआय’ म्हणून नोंदणी केली असती, तर आमच्यापाशी हवी तितकी वर्षे राहता आला असता! घरी यावयाचे तर आधी परके व्हावयाचे, असा हा न्याय आहे.

ओसीआय धारकास मताधिकार नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र ठेवता येते. आमची जिरायत तर वारशाचीच. मताचे म्हणाल, तर परदेशस्थ मतदारास त्यासाठी जातीने यावे लागते, आणि चिरंजीव त्यासाठी एकदाही आलेले नाहीत.

दिलेले नागरिकत्व काढून घेतले तर? सखाराम गणेश पंडित या वकिलांना ते १९१४ साली मिळाले. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी लोक अपात्र ठरले, तेव्हा पंडितांवरही सरकारने दावा लावला. ते झगडले आणि जिंकले. पुढे १९४६ च्या कायद्याने ते दार उघडले.

‘अर्ज कर’ असे पत्र मी काल लिहिले. त्याच्या आईने ते वाचून एवढेच विचारले, “मग यादीतले त्याचे नाव कोण कमी करावयाचे?”